स्टँडवरचे चौदाशे किलोमीटर

अग्नी हा माणसाचा सर्वांत जुना मित्र आणि सर्वांत जुना शत्रू असून त्याच्याशी व्यवहार करताना ज्ञान, संयम आणि दूरदृष्टी लागते. हे वाक्य जिन्याशेजारच्या फलकावर, 'विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी अग्निसुरक्षा नियम' या मथळ्याखाली लावलेलं होतं आणि ते आगवाल्यांनी लिहिलेलं होतं. या वाक्याचा त्यांना दोन दिवस फार अभिमान वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच हाताने आपल्याच बायकोची गाडी बंद पाडली आहे.

आगवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत होते. तिथे एका दालनात मोटारवाले बसत, एका दालनात जहाजवाले, आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत आगीचे दावे तपासणारे आगवाले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही आग प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्यांच्यापर्यंत आग पोचायची ती पंचनामा आणि फोटोंच्या रूपात, पूर्ण विझून. पण एखाद्या गोष्टीबद्दल अधिकाराने बोलायचं असेल तर ती न पाहिलेलीच बरी असते.

गाडी बायकोची होती. निळी, विजेवरची, पुढे जाळीची टोपली असलेली स्कूटर. आगवाल्यांना गाडी चालवता येत नसे. लग्नानंतर एकदा शिकायचा प्रयत्न झाला होता, त्यात एका पानवाल्याची बाकडी गेली, आणि तेव्हापासून बायको पुढे आणि आगवाले मागे ही व्यवस्था कायम झाली. लोक हसत. 'वहिनींचं सामान आलं बघा,' असं शेजारचे म्हणत. आगवाल्यांना त्याचं काही वाटत नसे, असं ते सांगत. खरं सांगायचं तर मागे बसण्यात जे सुख आहे ते पुढच्याला कळत नाही. रस्ता बघायचा नाही, खड्डा आपल्या जबाबदारीवर येत नाही, आणि बायको वाऱ्यात मान थोडी वळवून जे काही बोलते त्यातलं अर्धंच ऐकू येतं. सुखी संसाराला तेवढं प्रमाण पुरेसं असतं.

लेकीला मुलगी झाली म्हणून बायको परदेशी गेली, तीन महिन्यांसाठी. विमानतळावर निरोप घेताना दोन शब्द बोलायचे असं आगवाल्यांनी ठरवलं होतं. रात्रभर जुळवले होते. पण वाटेत तिचा फोन बंद पडू नये म्हणून त्यांनी तिच्या मोठ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी, काळजीने एक पॉवर बँक ठेवली होती. ती तिथे ठेवायची नसते. बॅग परत आली, उघडायला लावली, मागची रांग चुळबुळू लागली, आणि निरोपाची सगळी वेळ नवराबायकोने जमिनीवर उकिडवं बसून साड्या उपसण्यात घालवली.

"आगीच्या खात्यात ना तुम्ही?" बायको म्हणाली. "एवढं कळत नाही?"

हेच निरोपाचे शब्द. जाता जाता मात्र काचेच्या दारातून वळून ती ओरडली, "गाडीकडे बघा! दर पंधरा दिवसांनी चार्ज करा, नाहीतर मरेल ती!"

आगवाल्यांनी मान हलवली. दार मिटलं.

तीन महिन्यांचे पाच झाले. बायकोचा फोन रोज यायचा, पण बोलणं कसलं? "जेवलात का?" "जेवलो." "गाडी?" "ठीक आहे." तेवढ्यात नात रडायची आणि पडद्यावर बायकोच्या जागी छत दिसायचं. त्या छतावरचा पंखा आगवाल्यांना आता तोंडपाठ झाला होता. एकदा मात्र ती थोडं जास्त बोलली. "लेक म्हणते इथेच राहा," म्हणाली. "मी म्हटलं, अगं तिकडे माझं सगळं आहे." आणि मग जरा थांबून हसली. "सगळं म्हणजे काय, तर तुम्ही आणि गाडी."

हे वाक्य आगवाल्यांनी दावा तपासावा तसं उलटसुलट करून तपासलं. बायकोला परत आणणाऱ्या गोष्टी दोन. त्यातली एक ते स्वतः, आणि त्या मालमत्तेची त्यांना पूर्ण कल्पना होती. तेव्हा सगळी मदार गाडीवर. गाडी मेली तर काय उरतं?

ऑफिसातून आल्यावर, दिवेलागणीला, ते खाली पार्किंगमध्ये जात आणि गाडीवर बसत. मागच्या सीटवर. पुढची जागा रिकामी ठेवून. वॉचमनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, कुठं निघालात?" आगवाले म्हणाले, "कुठे नाही." वॉचमनने मग पुन्हा कधी विचारलं नाही.

अशात शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी स्कूटर चार्जिंगला लावलेली असताना पेटली. कुणाला इजा झाली नाही, पण कुणीतरी व्हिडिओ काढला होता, आणि तो इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांनी सगळ्यांना पाठवला. तातडीची बैठक बोलावली गेली. चेअरमन दातांचे डॉक्टर होते. बोलता बोलता समोरच्याच्या जबड्याकडे बघायची त्यांना सवय होती. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठलाही प्रश्न सुटण्यापेक्षा त्याचा ठराव झालेला आवडे. आणि तळमजल्यावरच्या मावशी कमिटीत नव्हत्या, पण त्यांच्या खिडकीखालीच बैठक होत असल्याने त्या आपसूक हजर असत.

"आपल्याकडे तज्ज्ञ असताना बाहेर कशाला बघायचं?" सेक्रेटरी म्हणाले आणि सगळ्यांनी आगवाल्यांकडे पाहिलं.

पाच महिन्यांत आगवाल्यांकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. रविवारभर बसून त्यांनी नियम लिहिले. काय नियम होते ते! एकेक कलम पोलादासारखं. विमा खात्यात हयात घालवलेल्या माणसाला पळवाट कशी असते हे ठाऊक असतं, त्यामुळे ती कशी बुजवावी हेही ठाऊक असतं. कलम तीन: चार्जिंग सुरू असेपर्यंत वाहनाचा नोंदणीकृत मालक वाहनाजवळ उपस्थित असला पाहिजे. कलम चार: बॅटरी वाहनातून काढून घर, जिना, गॅलरी किंवा गच्ची येथे नेता येणार नाही. कलम पाच: शेजारी वाळूने भरलेली बादली ठेवावी. कलम सात: बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर असताना चार्जिंग सुरू करू नये. बैठकीत सेक्रेटरींनी खड्या आवाजात वाचन केलं, टाळ्या पडल्या, ठराव एकमताने मंजूर झाला. आगवाल्यांचंही मत त्या एकमतात होतं.

दोन दिवसांनी ते वायर घेऊन खाली आले तर खिडकीतून मावशी म्हणाल्या, "अहो, पण मालक कोण? वहिनी ना? त्या कुठायत इथं?"

आगवाले वायर हातात धरून उभे राहिले.

"तुम्हीच लिहिलंय म्हणून विचारलं हो," मावशी म्हणाल्या. "आम्हाला काय कळतंय त्यातलं."

सेक्रेटरींकडे गेले तर त्यांनी हात जोडले. "तुम्ही म्हणाल तर डोळेझाक करतो. पण तज्ज्ञानेच नियम मोडला तर लोक काय म्हणतील?" यात डोळेझाकीची तयारी किती आणि धमकी किती, हे आगवाल्यांना ठरवता आलं नाही. आणि स्वतःच्या नियमाला स्वतःच अपवाद मागायचा म्हणजे स्वतःच्या लग्नात पंगतीला दोनदा बसण्यासारखं. ते म्हणाले, "छे छे, नियम म्हणजे नियम," आणि घरी येऊन कपाळ धरून बसले. आजवर ते भीतभीत दर खेपेला दहाच मिनिटं वायर लावत आले होते, आणि गाडीच्या काट्यावर आता एकवीस टक्के उरले होते.

मेकॅनिकला विचारलं, "चार्ज नाही केली तर मरते का हो खरंच?" मेकॅनिक एक चाक खोलण्यात गुंतला होता. "मरते की," तो म्हणाला. "नवी बॅटरी टाकायची म्हणजे अर्धी गाडी नवी घ्यायची."

मग गाडी आपल्या नावावर करून घ्यावी म्हणून ते वाहन कार्यालयात गेले. तिथला कारकून सभ्य होता. "मालकीणबाई?" त्याने विचारलं.

"माझी बायको."

"हयात आहेत?"

"आहेत ना!"

कारकुनाने हळहळून मान हलवली. "मग अवघड आहे. नसत्या तर पंधरा मिनिटांचं काम. हयात आहेत म्हणजे त्यांना समक्ष यावं लागणार."

आयुष्यात पहिल्यांदाच आगवाल्यांना बायको हयात असल्याचा त्रास झाला, आणि तसं वाटल्याबद्दल ते संध्याकाळी गाडीवर जरा जास्त वेळ बसले.

तिसरा मार्ग ऑफिसचा, बॅटरी तिथे नेऊन चार्ज करायची. कलम चारमध्ये घर, जिना, गॅलरी, गच्ची होती, रस्ता नव्हता. हे भोक स्वतःच्या मसुद्यात सापडल्याचं त्यांना दुःख झालं, पण त्यांनी ते वापरलं. बॅटरी काढली, भाजीच्या चाकं असलेल्या पिशवीत ठेवली, वर टॉवेल घातला आणि बस पकडली. बॅटरी धान्याच्या पोत्याइतकी जड होती. चढताना कंडक्टरने पिशवीला हात दिला आणि तो वाकला.

"काय आहे काय ह्यात?"

"बॅटरी."

"टॉर्चची?"

"स्कूटरची."

पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या. "त्या व्हिडिओतली?"

"छे, ती वेगळी. ही फक्त त्याच जातीची."

इथे दुसरा कुणीही थांबला असता. पण समोर बसभर माणसं कान देऊन ऐकतायत आणि विषय आपल्या खात्याचा आहे, अशी वेळ आगवाल्यांवर वारंवार येत नसे. ते दांडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरण्याचं काहीच कारण नाही. ही अचानक पेटत नाही. आधी फुगते, मग फुसफुसते, मग पांढरा धूर येतो. तेवढ्या वेळात माणूस आरामात खाली उतरू शकतो."

प्रवाशांना हा सल्ला इतका पटला की त्यांनी तो पुढच्याच थांब्यावर अमलात आणला. रिकाम्या बसमध्ये कंडक्टर, ड्रायव्हर आणि आगवाले उरले. मग कंडक्टर म्हणाला, "काका, एकटे तुम्ही उतरला असता तर हे सगळे बसले असते ना?"

परत चालत यावं लागलं. वाटेत एका बागेच्या कट्ट्यावर ते टेकले, पिशवी शेजारी घेतली. समोर एक बाई स्कूटरवरून गेली. मागे बसलेला नवरा हातात दुधाची पिशवी धरून कशालातरी हसत होता. आगवाल्यांनी त्यांना वळणापर्यंत नजरेने पोचवलं. मग टॉवेल जरा वर करून बॅटरीला म्हणाले, "येईल गं." आजूबाजूला कुणी नव्हतं, हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं.

शेवटी तोडगा निघाला तो मावशींच्या खिडकीतून. "आमच्या भाच्याचा साखरपुडा फोनवरच झाला," त्या म्हणाल्या. "मुलगी तिकडे, मुलगा इकडे. मग वहिनी फोनवर उपस्थित नाही का राहू शकणार?"

बैठक भरली. चेअरमन म्हणाले, "फोनवरची उपस्थिती ही उपस्थिती धरायची तर उद्या मी फोनवरून दाढ काढीन."

"काढता येणार नाही, पण दुखतेय कुठे ते तर दिसेल?" सेक्रेटरी म्हणाले.

"दिसेल."

"मग अर्धा तरी डॉक्टर उपस्थित आहे."

वाद वाढला आणि शेवटी सगळ्यांनी, नियमाचे कर्ते म्हणून, अर्थ लावायचं काम आगवाल्यांवरच टाकलं. ते बराच वेळ फलकाकडे पाहत राहिले. पाच महिन्यांत बायको आपल्याला किती उपस्थित होती आणि किती नव्हती, याचा विचार करत असावेत. मग घसा साफ करून म्हणाले, "जो बघू शकतो, ऐकू शकतो आणि आग लागली तर ओरडू शकतो, तो उपस्थित समजावा."

"मग प्रश्नच मिटला," मावशी म्हणाल्या. "ओरडण्याच्या बाबतीत वहिनींचा हात कोण धरेल?"

पहिल्या रविवारी सकाळी आगवाल्यांनी स्वच्छ सदरा घातला. वाळूची बादली शेजारी ठेवली. लांब वायरीच्या बोर्डाला गाडीचा चार्जर लावला आणि त्याच्याच बाजूला, मध्येच फोन बंद पडू नये म्हणून, फुटपाथवरून आणलेला फोनचा चार्जर. फोन हँडलला टेकवून उभा केला आणि स्वतः मागच्या सीटवर बसले. पडद्यावर बायको आली. पुढे ती, मागे ते.

"मागे का बसलात? पुढे या की, तोंड तरी दिसेल."

"बरं आहे इथे."

"किती वेळ बसायचंय असं?"

"चार तास. नियम आहे."

"कुणी केला हा मूर्ख नियम?"

"कमिटीने," आगवाले म्हणाले.

लेक बाळाला घेऊन झोपली होती. तिकडे नुकतं उजाडत होतं. बायकोने कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढला आणि घड्या घालू लागली. नळ गळतोय का अजून? गळतोय. पडदे धुतले का? नाही धुतले. गुडघा कसा आहे तुझा? आहे तिथेच आहे. इथल्या ओट्याची उंची माझ्या मानाने जास्त आहे हो, पोळ्या करताना चवड्यांवर उभी राहते. मग विषय संपले, आणि तरी दोन तास बाकी होते. बायको घड्या घालत राहिली, आगवाले बसून राहिले. मध्येच ती एखादं गाणं अर्धवट गुणगुणायची, घरी करायची तसं. कुणी काही बोलत नव्हतं आणि फोन कुणी ठेवत नव्हतं. नियम होता ना.

त्या दिवशी आगवाल्यांना आपल्या नियमाइतका सुंदर नियम जगात दुसरा नाही असं वाटलं.

पण पुढच्या रविवारी बॅटरी सत्त्याण्णव टक्के. न चाललेली गाडी उतरणार किती? आणि कलम सात आड आलं. आगवाल्यांनी फोन करून बायकोला सांगितलं, आज नाही. "बरं," ती म्हणाली, आणि मग नेहमीसारखं छत.

तो आठवडा त्यांनी विचारात काढला. रोजच्यासारखे गाडीवर बसलेले असताना किल्ली फिरवली, दिवा लावून पाहिला. दिव्याने फारसं काही उतरेना. मग मागूनच हात लांबवून त्यांनी हँडलची मूठ पिळली. गाडी मोठ्या स्टँडवर होती. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर, हवेत. ते घूं करून फिरू लागलं. आगवाले दचकले, पण गाडी जागची हलली नाही. त्यांनी आणखी पिळली. चाक सुसाट, काट्यावर साठचा वेग, आणि खाली फरशीवर एक झुरळ स्वस्थ चाललेलं. बॅटरीचा आकडा एकाने उतरला.

हे रोजचं झालं. दिवेलागणीला आगवाले मागच्या सीटवर, दोन्ही हात पुढे लांबवलेले, रिकाम्या जागेला वेढा घातल्यासारखे, आणि चाक फिरतंय. वॉचमनला त्यांनी सांगितलं की गाडीला व्यायाम लागतो. मावशींना घूं ऐकू यायचं. त्यांना वाटे वर कुणीतरी रोज दळण दळतंय. रविवारी बॅटरी व्यवस्थित उपाशी असायची आणि बायको चार तास उपस्थित.

एकदा त्यांची नजर किलोमीटरच्या आकड्यावर गेली. चाक हवेत फिरलं तरी गाडी ते अंतर प्रामाणिकपणे मोजत होती. आगवाल्यांनी ऑफिसात जहाजवाल्यांकडून नकाशा मागितला आणि आपल्या गावापासून लेकीच्या गावापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. सात हजार दोनशे. त्या दिवसापासून ते मूठ जरा जास्त वेळ पिळू लागले. समुद्र लागतो वाटेत, हे त्यांना कळत होतं. पण अजून कुठे समुद्र आला होता?

भांडं फोडलं सेक्रेटरींच्या शिस्तीने. उभी गाडी दर रविवारी चार्जिंगला का लागते? बॅटरीत बिघाड असणार, आणि बिघाड म्हणजे आग. पुढच्या रविवारी ऐन चार्जिंगच्या वेळी सगळी कमिटी पार्किंगमध्ये उतरली. चेअरमननी वाकून, गाडीला 'आ' करायला लावल्यासारखं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताठ होत म्हणाले, "अहो, ही तर चौदाशे किलोमीटर फिरलीय! माझ्याकडे आकड्याचा फोटो आहे नियम केले तेव्हाचा."

"फिरलीय?" सेक्रेटरी म्हणाले. "नेतो कोण हिला बाहेर?"

सगळ्यांच्या नजरा वॉचमनकडे वळल्या. वॉचमनने आगवाल्यांकडे पाहिलं. पडद्यावर बायकोने हातातला झबल्याचा गोळा खाली ठेवला.

"त्याने नाही नेली," आगवाले म्हणाले. "बाहेर गेलीच नाही ती. मी फिरवतो. इथेच."

"इथेच म्हणजे?"

"स्टँडवर."

"चौदाशे किलोमीटर?" चेअरमन म्हणाले. "स्टँडवर? कशासाठी?"

आगवाल्यांचे कान तेवढे लाल झाले. असा दावा कुणी त्यांच्या टेबलावर आणला असता तर त्यांनी पहिल्याच पानावर फेटाळला असता.

"अहो," फोनमधून आवाज आला. "इथवर किती आहे?"

"काय, वहिनी?" सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्हाला नाही. ह्यांना विचारतेय."

"सात हजार दोनशे," आगवाले म्हणाले.

कमिटीला त्यातलं काही कळलं नाही. बायकोने मात्र पदराने नाक पुसल्यासारखं केलं. मग म्हणाली, "हे बघा, आज तुम्हाला तिकिटाचं सांगणार होते."

आगवाले सीटवरून उतरले. पुढे आले. "सांग ना."

"म्हणजे मी परत कधी येणार ते..."

"कसला हो वास येतोय?" मावशी खिडकीतून म्हणाल्या.

सगळे गाडीकडे धावले. गाडी शांत उभी होती. बॅटरी गार. मग वॉचमनने बोट दाखवलं. फोन. फोनचं पाठीमागचं झाकण पुस्तकासारखं उघडलं होतं, पोट फुगलं होतं आणि आतून कुणीतरी दात ओठ खाऊन फुसफुसावं तसा आवाज येत होता. कित्येक रविवार चार-चार तास चार्जिंगला लावून तो बोलत होता, आणि आगवाल्यांनी त्याची पाठ कधी पाहिलीच नव्हती. ते पडद्याकडे बघत असत.

पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली.

"फेका!" चेअरमन ओरडले. "बादलीत टाका!"

आगवाल्यांनी वायर उपसली, फोन उचलला आणि कानाशी धरला. "कधी? तारीख काय?"

"धूर कसला दिसतोय तिथे? अहो! गाडी पेटली का?"

"गाडी नाही! तू तारीख सांग!"

"आगवाले, हात भाजेल!"

"अहो, टाका वहिनींना बादलीत!" सेक्रेटरी किंचाळले. "आधी वहिनींना बादलीत टाका!"

"तारीख सांग गं!"

"...खेपेला नाही जमणार, म्हणून मी..." एवढं ऐकू आलं आणि चेअरमननी, ज्यांच्या मनगटाचा झटका आयुष्यभर दाढा उपटून तयार झालेला होता, फोन हिसकून वाळूत खुपसला. वॉचमनने वरून दोन ओंजळी वाळू टाकली. फस्स झालं, भपका निघाला, वाळू जराशी उचलली गेली आणि बसली.

ही आगवाल्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली पहिली आग.

कमिटीने त्यांचं अभिनंदन केलं. बादली ठेवायची सूचना मुळात त्यांचीच, असं सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सर्वांच्या नजरेस आणून दिलं आणि आभाराचा ठराव मांडला. आगवाले बादलीत बघत होते. मावशींनी त्यांच्या बोटांना बर्फ लावला.

नवा फोन येईपर्यंत बायकोला कळवायचं कसं, हा प्रश्न होता. पंधरा वर्षांपूर्वी जळालेल्या सूतगिरणीचा पॉलिसी क्रमांक आगवाल्यांना पाठ होता. लेकीचा नंबर नव्हता. अखेर संध्याकाळी लेकीनेच कुठून कुठून शोधून सेक्रेटरींच्या बायकोच्या फोनवर फोन लावला. आगवाल्यांना त्यांच्या दारात बोलावलं गेलं. सेक्रेटरींची बायको फोन देऊन दोन पावलं मागे सरकली, म्हणजे ऐकू येईल इतकीच.

"हात कसा आहे?" बायकोने विचारलं.

"ठीक आहे."

"फोन का नाही टाकलात लगेच?"

"तू बोलत होतीस."



"तिकीट पुढे ढकललंय," मग ती म्हणाली. "आणखी दोन महिने. लेकीची सुट्टी संपतेय, बाळाला ठेवायचं कुणापाशी? तेच सांगत होते सकाळी. तुम्ही तारीख तारीख ओरडत होता आणि मला बोलवेना."

"बरं," आगवाले म्हणाले. भाजलेली बोटं त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली. "गाडी ठीक आहे. मी करतो चार्ज. आता दोन महिने म्हणजे..."

"नका करू. तिची वायर काढून ठेवा आतली. अर्धी भरलेली असताना वायर काढून ठेवली की सहा-सहा महिने काही होत नाही तिला. पुस्तिकेत आहे."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग जाताना काढून का नाही ठेवलीस?"

"तुम्ही एकटे काय करणार होता इतके दिवस?" बायको म्हणाली. "म्हटलं, खाली-वर करायला काहीतरी असावं."

आगवाल्यांना काहीतरी बोलायचं होतं. विमानतळावर जुळवलेले ते दोन शब्द त्यांना अजून आठवत होते. त्यांनी सेक्रेटरींच्या बायकोकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, ऐक..."

सेक्रेटरींच्या बायकोने मागून त्यांच्या खांद्याला हात लावला. फोनची बॅटरी दोन टक्के राहिली होती.